चुकलेले रेणू आणि पेशीतली डागडुजी

जीवरसायनशास्त्राच्या अनेक विभागांत एक भलामोठा तक्ता टांगलेला असतो. बोरिंगर मानहाइम या जर्मन कंपनीसाठी गेरहार्ड मिखाल यांनी 1960च्या दशकात काढलेला चयापचयाचा नकाशा. आमच्या कॉलेजात तो जिन्याच्या वळणावर होता. खालचा कोपरा ओल लागून फुगलेला आणि सायट्रिक आम्लाच्या चक्रावर विद्यार्थ्यांच्या बोटांनी पडलेला मळकट डाग. तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिथे उभे राहून बाण पाठ करायचे: ग्लुकोजचे हे होते, ह्याचे ते होते, आणि प्रत्येक बाणावर एका विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, नाव. एक विकर, एक काम.

तक्ता खोटा नव्हता, पण अर्धाच होता. विकर कधीमधी भलताच रेणू उचलतो, किंवा योग्य रेणूचे भलतेच काहीतरी करून ठेवतो. शिवाय काही रेणू मुळातच इतके नाजूक असतात, की कोणी हात न लावताही मोडतात. ही सांडलवंड प्रत्येक पेशीत सतत चालू असते आणि ती आवरायला पेशीकडे वेगळे विकर असतात, हे गेल्या वीसेक वर्षांत स्पष्ट होत गेले. डीएनएच्या दुरुस्तीचा अभ्यास त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला. 2015 मध्ये टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. लहान रेणूंच्या वाट्याला ते लक्ष आले नाही. डीएनए जपावाच लागतो, कारण मूळ प्रत तीच. लहान रेणू बिघडला तर टाकून द्यावा आणि दुसरा करावा, असा सरधोपट समज होता. तो कुठवर टिकला आणि त्याच्या जागी आज काय उभे आहे, ते पाहू.

विस्मरणात गेलेली सुरुवात

पहिला धागा 1913चा आहे. डेकिन व डडली यांना आणि स्वतंत्रपणे नॉयबर्ग यांना प्राण्यांच्या ऊतींमध्ये एक विकर सापडला: मेथिलग्लायॉक्झल या रेणूचे लॅक्टिक आम्ल करणारा ग्लायऑक्झलेज. तेवढ्यावरून मेथिलग्लायॉक्झल हा साखर जळण्याच्या वाटेवरचाच एक थांबा असावा, असे काही काळ मानले गेले. 1930च्या दशकात खरी वाट सापडली आणि त्या वाटेवर मेथिलग्लायॉक्झल नव्हते. मग हा विकर करतो काय? उत्तर पुढे हळूहळू मिळाले. साखर फुटताना तयार होणारे तीन-कार्बनी फॉस्फेट रेणू आपोआप फॉस्फेट टाकतात आणि त्यांचे मेथिलग्लायॉक्झल होते. ते प्रथिनांना आणि डीएनएला चिकटते. म्हणजे ग्लायऑक्झलेज वाटेवरचा नव्हताच, वाटेशेजारी उभा राहून झाडलोट करणारा होता.

दुसरा धागा सिॲटलचा. एडविन क्रेब्ज (सायट्रिक चक्रवाले हान्स क्रेब्ज वेगळे, नावाचा हा गोंधळ परीक्षेत हमखास होतो) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1954 मध्ये दिसले, की साखरेच्या वाटेवरचा एक नेहमीचा विकर एनएडीएच या महत्त्वाच्या रेणूवर पाण्याचा एक रेणू चढवून त्याला निकामी करतो. 1956 मध्ये त्याच गटाने यीस्टमधला एक विकर नोंदवला, जो एटीपी खर्चून ते पाणी काढतो आणि एनएडीएच पूर्ववत करतो. दुरुस्तीचे इतके लख्ख उदाहरण मिळूनही पुढे पन्नासेक वर्षे त्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. क्रेब्ज स्वतः प्रथिनांवर फॉस्फेट चढण्या-उतरण्याकडे वळले, त्याचेच त्यांना 1992चे नोबेल मिळाले. या विकराचे जनुक कोणते, हे ठरायला 2011 साल उजाडले.

ते ठरवणाऱ्यांत ब्रसेल्सच्या द दूव्ह इन्स्टिट्यूटमधले एमिल व्हान स्खाफ्टिंगेन आणि कॅरोल लिन्स्टर होते. व्हान स्खाफ्टिंगेन यांना या विषयाकडे खेचले ते एका दुर्मीळ आजाराने. 1980 मध्ये नेदरलंड्समधल्या डॉक्टरांनी एका मुलाच्या लघवीत एल-2-हायड्रॉक्सिग्लुटारेट मोठ्या प्रमाणात आढळल्याची नोंद केली होती. अशा मुलांचा तोल जातो, झटके येतात, मेंदूचा पांढरा भाग हळूहळू खराब होतो. पण या रेणूला तक्त्यावर जागाच नव्हती. तो कोणत्याच वाटेवर बसत नव्हता. 2004 मध्ये सदोष जनुक सापडले आणि कोडे सुटले. मॅलेट डिहायड्रोजिनेज हा सायट्रिक चक्रातला विकर आपल्या नेहमीच्या रेणूऐवजी अधूनमधून त्याच्यासारख्या दिसणाऱ्या अल्फा-कीटोग्लुटारेटवर काम करतो. या चुकीच्या कामाची कार्यक्षमता खऱ्या कामापेक्षा लाखो पटींनी कमी असते. तरी थेंबे थेंबे तळे साचते. निरोगी माणसात दुसरा एक विकर हा चुकीचा रेणू पुन्हा अल्फा-कीटोग्लुटारेट करून ठेवतो. या मुलांत नेमका तोच नसतो. 2007 मध्ये ब्रसेल्सच्या गटाने या आजाराला ‘चयापचयी रेणूंच्या दुरुस्तीतला दोष’ असे नाव दिले. 2013 मध्ये लिन्स्टर, व्हान स्खाफ्टिंगेन आणि फ्लोरिडा विद्यापीठाचे अँड्र्यू हॅन्सन यांनी सगळी विखुरलेली उदाहरणे एकत्र मांडली. आज या क्षेत्रात जी भाषा वापरतात, ती बरीचशी त्या लेखातून आली आहे.

मोडण्याच्या तऱ्हा, आवरण्याच्या तऱ्हा

त्या मांडणीनुसार रेणू बिघडतात दोन कारणांनी: आपसूक रासायनिक बदलामुळे आणि विकराच्या नजरचुकीमुळे. आपसूक बदल म्हटले की घरातली ओळखीची गोष्ट म्हणजे मधुमेहाच्या रिपोर्टातले एचबीएवनसी. रक्तातली साखर कोणत्याही विकराविना हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते, त्याचेच ते मोजमाप. तिथे बिघडते ते प्रथिन, पण तसेच रसायन लहान रेणूंमध्येही चालते.

आवरण्याच्या तऱ्हा तीन. पहिली, बिघडलेला रेणू पूर्ववत करणे, जसे एनएडीएचवरचे पाणी काढणे. क जीवनसत्त्वही असेच वापरून झाले की पुन्हा मूळ रूपात आणले जाते. माणसाला ते शरीरात तयार करता येत नसल्याने ही काटकसर त्याला परवडते नव्हे, करावीच लागते. दुसरी, दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला रेणू निरुपद्रवी करून वाटेला लावणे. ग्लायऑक्झलेज हेच करतो. तिसरी, नुकसान व्हायच्या आधीच आडवे येणे. जॉर्जिया विद्यापीठातल्या डायना डाउन्स यांच्या गटाने उलगडलेला रिडए हा विकर याचा नमुना. काही अमिनो आम्ले मोडताना 2-ॲमिनोअ‍ॅक्रिलेट नावाचा चिडका रेणू थोडा वेळ मोकळा सुटतो आणि तेवढ्यात दुसऱ्या विकरांना कायमचा जायबंदी करू शकतो. रिडए त्याला लगेच पाण्याशी जुळवून शांत करतो. जिवाणूंपासून माणसापर्यंत या घराण्याचे विकर सापडतात, म्हणजे हे काम जुने आहे.

आता एक उदाहरण जवळून. ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवरचे दोन विकर प्रत्येकी एक चूक करतात: एकाकडून 4-फॉस्फोएरिथ्रोनेट तयार होते, दुसरा लॅक्टेटवर फॉस्फेट चढवून 2-फॉस्फोलॅक्टेट करतो. पहिला रेणू पेंटोज फॉस्फेट वाटेतला एक विकर अडवतो. दुसरा साखर फोडण्याचा वेग वाढवणाऱ्या संदेश-रेणूच्या निर्मितीला खीळ घालतो. दोघांचाही निकाल एकच फॉस्फेटेज, म्हणजे फॉस्फेट उतरवणारा विकर, लावतो, हे ब्रसेल्सच्या गटाने 2016 मध्ये दाखवले. गंमत अशी, की हा विकर जुनाच होता आणि त्याचे नाव ‘फॉस्फोग्लायकोलेट फॉस्फेटेज’ होते. फॉस्फोग्लायकोलेट ही प्रामुख्याने वनस्पतींची भानगड. मग प्राण्यांत तो कशाला, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता.

रुबिस्को: सर्वांत मोठी चूक

वनस्पतींचा विषय निघालाच आहे, तर रुबिस्कोला टाळता येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारा हा विकर साधारण तीन-चार वेळा बरोबर काम केल्यावर एकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन उचलतो, आणि ऊन वाढले की आणखी चुकतो. त्यातून होणारे फॉस्फोग्लायकोलेट विषारी. ते मार्गी लावायला हरितलवक, पेरॉक्सिझोम आणि तंतुकणिका अशी तीन दालने फिरणारी प्रकाशश्वसनाची लांबलचक वाट लागते. तिच्यात चारपैकी तीन कार्बन परत मिळतात, चौथा हवेत जातो. अमेरिकेतल्या पिकांसाठी 2016 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार या गळतीमुळे सोयाबीनचे 36 टक्के आणि गव्हाचे 20 टक्के उत्पादन बुडते. एवढ्यावर थांबत नाही. रुबिस्को कधी कधी स्वतःलाच बंद पाडणारा झायलुलोज बिस्फॉस्फेट हा रेणू तयार करतो आणि तो नष्ट करायला आणखी एक खास फॉस्फेटेज असतो.

आडवे येण्याचा उपायही निसर्गाने इथे शोधला. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस ही पिके कार्बन डायऑक्साइड आधी वेगळ्या पेशींत पकडून रुबिस्कोभोवती त्याची दाटी करतात, त्यामुळे त्याची चूक होण्याची संधीच घटते. 1966 मध्ये हॅच आणि स्लॅक यांनी ही वाट उसाच्या पानांतच उलगडली होती. सोलापुराकडच्या रानात उन्हाच्या झळांत ज्वारी तग धरते, त्यामागच्या कारणांत हेही एक. दुसऱ्या बाजूने माणसानेही हात घातला आहे. 2019 मध्ये इलिनॉयमधल्या गटाने तंबाखूत दुरुस्तीची आखूड वाट बसवली आणि शेतातल्या चाचण्यांत झाडांचे वस्तुमान 40 टक्क्यांहून अधिक वाढले. प्रकाशश्वसनाला ‘दुरुस्ती’ म्हणावे का, यावर मात्र एकमत नाही. इतका मोठा प्रवाह म्हणजे चयापचयाचा मुख्य भागच, असे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात. मला व्याख्येचा हा वाद फारसा फलदायी वाटत नाही.

मधुमेहाची गोळी आणि न्यूट्रोफिल

या क्षेत्राने वैद्यकाला दिलेली सर्वांत पक्की गोष्ट एका आडवळणाने आली. काही मुलांत जन्मतःच न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी असतात. तोंडात वारंवार फोड, पुन्हा पुन्हा संसर्ग. अशा मुलांपैकी काहींमध्ये जी6पीसी3 या फॉस्फेटेजचे जनुक सदोष असते, हे 2009 मध्ये कळले. ग्लायकोजेन साठवण्याच्या एका आजारातही (प्रकार 1बी) न्यूट्रोफिल असेच घटतात. दोन्हींचा दुवा ग्लुकोजशी असेल, असे धरून बराच शोध झाला आणि हाती फार लागले नाही.

2019 मध्ये मारिया व्हेगा-दा-कुन्या, व्हान स्खाफ्टिंगेन आणि सहकाऱ्यांनी खरा अपराधी दाखवला. 1,5-ॲनहायड्रोग्लुसिटॉल हा ग्लुकोजसारखा दिसणारा, आपल्या अन्नातून येणारा आणि रक्तात कायम असणारा साधा रेणू. ग्लुकोजवर फॉस्फेट चढवणारे विकर चुकून याच्यावरही चढवतात. तयार झालेला रेणू पुढे कुठेच जात नाही. साचतो आणि त्या विकरांनाच अडवतो. मग ग्लुकोज फोडणे थांबते, आणि न्यूट्रोफिलची सगळी भिस्त तर ग्लुकोजवर. जी6पीसी3चे खरे काम ग्लुकोजशी नव्हते, हा चुकीचा फॉस्फेट उतरवण्याचे होते. प्रकार 1बीमध्ये हा रेणू त्या विकरापर्यंत पोचवणारा वाहकच बिघडलेला असतो.

एकदा हे कळल्यावर उपाय रसायनात नव्हता, मूत्रपिंडात होता. एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर जाऊ देतात. त्या साखरेमुळे 1,5-ॲनहायड्रोग्लुसिटॉलही मूत्रपिंडात परत शोषले जात नाही, बाहेर पडते आणि रक्तातली त्याची पातळी घसरते. 2020 मध्ये प्रकार 1बीच्या पहिल्या चार रुग्णांवरचे निष्कर्ष आले: न्यूट्रोफिलचे काम सुधारले, संसर्ग आणि तोंडातल्या जखमा कमी झाल्या. तोवर अशा रुग्णांना न्यूट्रोफिल वाढवणारी जी-सीएसएफची इंजेक्शने घेत राहावी लागत. भारतात मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये अनेक नावांनी स्वस्तात मिळू लागले. इथे रेणू ‘दुरुस्त’ झालाच नाही. चुकीचा कच्चा मालच वाटेत अडवला.

कचरा की निरोप?

आता मतभेदांकडे. पहिली भूमिका ब्रसेल्स-फ्लोरिडा गटांची: बाजूला पडणारे रेणू मुळात कचरा आहेत, आणि पेशी त्यांच्यासाठी खास विकर बाळगते हाच ते घातक असल्याचा पुरावा. एल-2-हायड्रॉक्सिग्लुटारेट हे तिचे आवडते उदाहरण. पण 2015 मध्ये दोन गटांनी दाखवले, की ऑक्सिजन कमी पडला की पेशी हाच रेणू जास्त तयार करतात. 2016 मध्ये तो रोगप्रतिकारक टी पेशींचे वागणे बदलतो असे आढळले, आणि 2017 मध्ये वाढत्या फळमाशीच्या अळ्यांत तो भरपूर असल्याचे दिसले. या दुसऱ्या भूमिकेनुसार तो कचरा नाही, निरोप आहे. पहिल्या बाजूचे उत्तर असे, की टंचाईत विकरांच्या चुका वाढणारच, आणि चुकांचे परिणाम दिसले म्हणून त्यांना हेतू चिकटवू नये.

माझ्या मते दोन्ही बाजू वाटतात तितक्या दूर नाहीत. निरोपही पोचल्यावर पुसावा लागतो, आणि पुसणारा नसला की काय होते ते त्या मुलांत दिसतेच. या रेणूचा आरशातल्या प्रतिमेसारखा असलेला डी-रूपाचा भाऊ काय करतो, हे तर कर्करोगशास्त्राने दाखवले आहे: मेंदूतल्या काही गाठींत आयडीएच1 हा विकर उत्परिवर्तनामुळे तोच रेणू भरमसाट तयार करू लागतो, हे 2009 मध्ये उघड झाले, आणि आज त्यावर औषधे आहेत. खरा प्रश्न मात्रेचा आणि ठिकाणाचा आहे, आणि तो ऊतीगणिक सुटेल.

तिसरी भूमिका उत्क्रांतीच्या अभ्यासकांची. रॉय जेन्सन यांनी 1976 मध्येच म्हटले होते, की विकरांचा ढिलेपणा हे नव्या विकरांचे भांडवल आहे. डारी आणि कासादेसुस यांनी 1998 मध्ये या आडवाटांना ‘भूमिगत चयापचय’ म्हटले. 2007च्या एका प्रयोगात एकेक आवश्यक जनुक गमावलेल्या ई. कोलाय या जिवाणूच्या 104 प्रकारांपैकी 21 प्रकार त्याच्याच दुसऱ्या एखाद्या जनुकाच्या जादा प्रतींवर तगून गेले. म्हणजे कोणाची तरी फुटकळ चूक अडीनडीला कामी आली. पण भांडवल असले तरी त्याची रोजची किंमत मोजावी लागतेच, त्यामुळे ही भूमिका पहिलीला खोडत नाही. ती फक्त विकर अधिक काटेकोर का झाले नाहीत, याचे एक उत्तर देते. दुसरे उत्तर वेगाचे आहे: रुबिस्कोच्या तऱ्हांची तुलना केली, तर जो अधिक नेमका तो बहुधा अधिक संथ.

काही वाद याहून जमिनीवरचे आहेत: अमुक विकर नेमके काय करतो? फॉस्फोग्लायकोलेट फॉस्फेटेजचे खरे काम ग्लिसरॉल-3-फॉस्फेट मोडण्याचे आहे, असे मानणारा गट 2016 पासूनच आहे. डीजे-1ची कथा अधिक गुंतागुंतीची. हे जनुक बिघडले तर तरुणपणीच पार्किन्सन होतो, हे 2003 पासून ठाऊक आहे. 2015 मध्ये दावा झाला, की हे प्रथिन मेथिलग्लायॉक्झलने बिघडलेली प्रथिने दुरुस्त करते. दोन वर्षांत आक्षेप आला: प्रयोगातला ट्रिस हा बफरच मेथिलग्लायॉक्झल पकडत होता आणि श्रेय डीजे-1ला मिळत होते. 2022 मध्ये ब्रसेल्सहून तिसरे उत्तर आले. साखर फोडताना आपसूक तयार होणारा, प्रथिनांना चिकटणारा एक वलयाकार फॉस्फोग्लिसरेट रेणू डीजे-1 मोडून टाकतो. सध्या पुरावा या बाजूला झुकलेला आहे. पण मेंदूतल्या ठरावीक पेशीच का मरतात, हे त्याने अजून सांगितलेले नाही.

एमटीएच1च्या बाबतीत उत्साह औषधापर्यंत गेला. डीएनए बांधायच्या विटांपैकी ऑक्सिजनने बिघडलेली एक वीट हा विकर बांधकामाआधीच बाजूला काढतो. जिवाणूंतल्या त्याच्या भावंडाचे हे काम 1992 मध्ये माकी आणि सेकिगुची यांनी दाखवले होते. 2014 मध्ये दोन गटांनी म्हटले, की हा विकर बंद केला की कर्करोगाच्या पेशी मरतात. 2016 पासून औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांतून उलट निष्कर्ष आले: अधिक नेमकी रसायने विकर बंद करत, पेशी मात्र जगत. मूळ रसायनांपैकी एक पेशीच्या सूक्ष्मनलिकांवर काम करत असल्याचेही पुढे दिसले. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण पहिला दावा आता त्याच जोरात कोणी करत नाही.

अजून न सुटलेले

एनएडीएच दुरुस्त करणाऱ्या दोन विकरांपैकी एखादा सदोष असलेल्या मुलांची नोंद 2016 आणि 2019 मध्ये झाली. मूल एरवी बरे असते. साधा ताप येतो, आणि तापानंतर चालणे अडखळते, बोलणे जाते, श्वासही मंदावतो. तापमान वाढले की एनएडीएच जास्त मोडते, हे रसायन समजते. पण सर्दीच्या तापाने एक मूल कोसळते आणि दुसरे तग धरते, हे का, ते नाही. काहींना ब3 जीवनसत्त्व देऊन पाहिले आहे आणि प्रकृती स्थिरावल्याच्या नोंदी आहेत. संख्या मात्र इतकी थोडी, की त्यावरून उपचार ठरवणे घाईचे होईल.

असे विकर एकूण किती, हा दुसरा प्रश्न. 2016 मध्ये तयार केलेल्या सिन3.0 या किमान पेशीत 473 जनुके उरली होती आणि त्यांतल्या 149 जनुकांचे काम माहीत नव्हते. अनावश्यक ते सगळे छाटूनही ही उरली, त्यामुळे त्यांतली काही झाडलोटीची असणार, असा हॅन्सन यांच्यासारख्यांचा कयास आहे. जिवाणूंना नवी वाट शिकवून औषध किंवा इंधन बनवू पाहणाऱ्यांना याचा थेट फटका बसतो: वाट बसवली, तिची सफाई बसवली नाही, म्हणून उत्पादन अडते.

आणि शेवटी मोजण्याचीच अडचण. मास स्पेक्ट्रोमीटरच्या आलेखावर असंख्य शिखरे उमटतात, त्यांतल्या बहुतेकांना नाव नसते. बिघडलेले रेणू त्यांतच कुठेतरी असतात. पण पेशी फोडून रेणू बाहेर काढायला अनेकदा आम्ल वापरतात, आणि एनएडीएच आम्लातच सर्वांत झटपट मोडते. त्यामुळे पाणी चढलेल्या एनएडीएचचे शिखर दिसले, की आधी तपासावे लागते: हे जिवंत पेशीत होते, की नमुना आम्लात घातल्यावर परीक्षानळीत तयार झाले?